केंद्राच्या फाटकाबाहेर

१९७१च्या मे महिन्यात रॉबर्ट स्टील आणि मॉर्गन मर्फी हे अमेरिकी काँग्रेसचे दोन सदस्य व्हिएतनामचा दौरा करून परतले आणि त्यांच्या अहवालाने वॉशिंग्टनची झोप उडवली. तिथल्या अमेरिकी सैनिकांपैकी शेकडा दहा ते पंधरा जण हेरॉइनच्या आहारी गेले आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. व्हिएतनाममध्ये हेरॉइन इतके स्वस्त आणि इतके शुद्ध मिळे की सुई टोचण्याचीही गरज नव्हती. सिगारेटमध्ये भरून ओढले तरी काम होई. युद्ध हाताबाहेर चाललेले, त्यात बंदूक चालवायला शिकलेले हजारो गर्दुल्ले आता गावोगावी परतणार, या कल्पनेने राजकारण्यांना घाम फुटला. १७ जून रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांच्या व्यसनाला देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवले. जेरोम जॅफी या मानसोपचारतज्ज्ञाच्या हाती सूत्रे दिली गेली आणि नवा नियम आला: लघवीच्या तपासणीत उत्तीर्ण झाल्याशिवाय मायदेशीच्या विमानात पाऊल ठेवायचे नाही. तपासणीत सापडलेल्याला काही दिवस तिथेच ठेवून घ्यायचे, अंगातले हेरॉइन उतरू द्यायचे आणि मग घरी पाठवायचे.

या सैनिकांचे पुढे काय झाले, हे शोधण्याचे काम सेंट लुईसच्या ली रॉबिन्स यांच्याकडे आले. त्यांनी १९७१च्या सप्टेंबरात परतलेल्या सैनिकांचा नमुना घेतला, त्यांना घरी जाऊन गाठले, मुलाखती घेतल्या, लघवीही तपासली. जवळपास निम्म्या सैनिकांनी तिथे अफूजन्य पदार्थ चाखले होते आणि सुमारे पाचवा हिस्सा खरोखरच व्यसनी झाला होता. म्हणजे काँग्रेसच्या सदस्यांचा आकडा उलट कमीच होता. पण पुढची नोंद वाचून लोकांचा विश्वास बसेना. व्हिएतनाममध्ये व्यसनी झालेल्यांपैकी घरी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झालेले होते शंभरात अवघे पाच. तीन वर्षांनी पाहिले तर बारा. आणि गंमत म्हणजे, त्यातल्या अनेकांनी अमेरिकेत परतल्यावर एखाद-दुसऱ्या वेळी हेरॉइन घेऊनही पाहिले होते.

त्याच देशात केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनला १९३५पासून सरकारचे एक भलेमोठे इस्पितळवजा तुरुंग चालू होते. तिथे हेरॉइनच्या रुग्णांना महिनोन्‌महिने शेतीकामात गुंतवत, धडधाकट करून घरी पाठवत आणि त्यातले बहुसंख्य परत व्यसनाकडे वळत. पदार्थ तोच, माणसांचे मेंदूही तसेच. फरक एवढाच की सैनिक व्यसनाची जागा हजारो मैल मागे टाकून आला होता, तर लेक्सिंग्टनचा रुग्ण आपल्या जुन्या गल्लीत परत जात होता. अर्थात हा फरक एकटाच नव्हता. अनेक सैनिकांचे व्यसन थोड्या काळाचे होते, अमेरिकेतले हेरॉइन महाग आणि भेसळीचे होते. तरीही नशा जिथे केली ती जागा आणि नंतरचे आयुष्य यांचा संबंध इतक्या मोठ्या प्रमाणावर दुसऱ्या कुठल्या घटनेने दाखवलेला नाही.

महाराष्ट्रात आजही घराघरांत उपचाराची कल्पना लेक्सिंग्टनसारखीच आहे. पोराला केंद्रात टाकायचे, महिना-दीड महिना ठेवायचे, वजन वाढलेला, दाढी केलेला मुलगा घरी आणायचा आणि प्रश्न मिटला असे समजायचे. पुन्हा सुरू झाले की खापर त्याच्या डोक्यावर. ‘एवढा खर्च केला, तरी याची नियतच खोटी.’ गेल्या चाळीस वर्षांत मेंदूविज्ञानाने जे उलगडले आहे, त्यावरून ही समजूत उलटी आहे असेच म्हणावे लागते. उपचाराचा अवघड भाग केंद्राच्या फाटकाबाहेर सुरू होतो आणि आपली बहुतेक व्यवस्था नेमकी त्या फाटकाशी हात झटकते.

लेक्सिंग्टनमध्येच अब्राहम विकलर नावाच्या डॉक्टरांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. हेरॉइन सोडून कित्येक महिने झालेले रुग्ण गटात बसून जुन्या नशेच्या गप्पा सुरू झाल्या की जांभया देऊ लागत, त्यांचे नाक-डोळे वाहू लागत. मुंबई-पुण्यातले गर्दुल्ले ज्याला ‘टर्की’ म्हणतात तीच ही लक्षणे, पण अंगात पदार्थाचा कणही नसताना. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला घंटेने लाळ सुटावी तसे हे घडते, असे विकलर यांनी मांडले. १९७७मध्ये फिलाडेल्फियाच्या चार्ल्स ओब्रायन यांनी माणसांवर रीतसर प्रयोग करून ते दाखवून दिले.

मेंदूत हे नेमके कुठे घडते, याचा माग मात्र उंदरांनी काढून दिला. १९८१मध्ये माँट्रियलच्या हॅरिएट द विट आणि जेन स्ट्युअर्ट यांनी उंदरांना एक खटका दाबायला शिकवले. दाबला की शिरेतून कोकेन. मग कोकेनऐवजी नुसते मिठाचे पाणी येऊ लागले. उंदीर काही दिवस खटका दाबत राहिले आणि कंटाळून थांबले. पुढे त्यांना कोकेनचे एकच छोटे इंजेक्शन देताच ते पुन्हा खटक्यावर तुटून पडले, जरी खटक्यातून आता काहीही मिळत नव्हते. नंतरच्या वर्षांत याच पद्धतीने ओढ जागवणाऱ्या आणखी दोन कळी सापडल्या. कोकेन मिळताना पेटणारा दिवा किंवा वाजणारा आवाज पुरेसा होता. आणि पायाला बसलेला विजेचा हलका झटका, म्हणजे ताण, तोही पुरेसा होता. एक घोट, एक ओळखीची खूण, एक धक्का. व्यसनमुक्ती केंद्रातल्या कोणत्याही जुन्या समुपदेशकाला विचारले तर तो बोटांवर हीच तीन कारणे मोजेल: ‘फक्त आजच’, जुना दोस्त आणि घरातले भांडण.

या तिन्हींचे मेंदूतले उगम वेगळे आहेत. खुणेची आठवण अमिग्डलात आणि जागेची हिप्पोकॅम्पसमध्ये साठते, ताणाचे रसायन वेगळ्याच पेशींतून सुटते. पण साउथ कॅरोलायनातल्या पीटर कॅलिवास यांच्या प्रयोगशाळेला असे दिसले की ओढे कुठलेही असोत, पाणी शेवटी एकाच मोरीखालून जाते. कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सपासून मेंदूच्या पोटातल्या न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्सकडे जाणारी ही वाट. तिच्यावरचा निरोप्या आहे ग्लुटामेट. ही वाट रसायनाने तात्पुरती बंद केली की कोकेनचे इंजेक्शन देऊनही, दिवा पेटवूनही, झटका देऊनही उंदीर खटक्याकडे फिरकत नाहीत.

इथे डोपामाइनविषयी दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण मोबाइलवरच्या ज्ञानामृतात या रसायनाचे फार हाल झाले आहेत. डोपामाइन म्हणजे आनंद, असे सर्रास सांगितले जाते. वुल्फ्राम शुल्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसले ते वेगळेच. रस मिळणार अशी खूण माकडाला एकदा कळली की डोपामाइनच्या पेशी रस मिळाल्यावर नव्हे, खूण दिसताक्षणी थडथडू लागतात. मिशिगनच्या टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी १९९३मध्ये पुढचा मुद्दा मांडला: हवेसे वाटणे आणि आवडणे या मेंदूत दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. व्यसनात पहिली वाढत जाते, दुसरी वाढत नाही, कित्येकदा घटते. ‘मजा तर कधीच गेली, तरी पाय तिकडेच वळतात’ असे रुग्ण सांगतो तेव्हा तो थापा मारत नसतो. नोरा व्होल्कॉव्ह यांच्या गटाने २००६मध्ये कोकेनच्या रुग्णांना कोकेन ओढणाऱ्या लोकांची चित्रफीत दाखवली. डोपामाइन वाढले ते मेंदूच्या सवयी सांभाळणाऱ्या भागात, आणि ज्याच्यात जितके जास्त वाढले तितकी त्याची तलफ तीव्र होती.

त्याहून चक्रावणारा प्रयोग अ‍ॅना रोझ चाइल्ड्रेस यांचा. २००८मध्ये त्यांनी कोकेनच्या बावीस रुग्णांना नशेची चित्रे दाखवली, पण केवळ ३३ मिलिसेकंद. इतक्या वेळात आपण काही पाहिले हेच माणसाला उमगत नाही. मेंदूतली तलफेची केंद्रे तरीही जागी झाली. एखादा तरुण स्टेशनबाहेरून जाताना नशा ओढायला वापरतात तशी सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी रस्त्यावर पडलेली असते, त्याची नजर तिच्यावरून घसरते आणि पुढचा तासभर त्याला कारण न कळता अस्वस्थ वाटत राहते. त्याच्या बायकोला तो फक्त चिडचिडा दिसतो.

पण कुटुंबांना सगळ्यात आधी सांगायला हवी ती गोष्ट यापेक्षा वेगळी आहे. साधा हिशेब असा की नशा सोडून जितके दिवस जास्त, तितकी ओढ कमी. २००१मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेफ्री ग्रिम, यावीन शाहम आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगाने हा हिशेब चुकीचा ठरवला. कोकेनची सवय लावलेल्या उंदरांना त्यांनी निरनिराळ्या काळासाठी कोकेनपासून दूर ठेवले आणि मग खुणेसमोर आणले. पहिल्या दिवशीपेक्षा महिन्यानंतर आणि त्याहूनही दोन महिन्यांनंतर ते अधिक जोराने खटका दाबत होते. ओढ विझत नव्हती, आत मुरत होती. २००८मध्ये कारणाचा एक धागा सापडला: नशा थांबल्यानंतरच्या आठवड्यांत अ‍ॅक्युम्बन्समधल्या पेशींवर ग्लुटामेटचे नव्या प्रकारचे ग्राही (रिसेप्टर) बसवले जातात, आणि मग तोच निरोप पूर्वीपेक्षा मोठ्याने ऐकू येतो.

उंदरांचे उंदरांना, असे म्हणून हे सोडून देता आले असते. पण २०११मध्ये सिगारेट सोडलेल्या माणसांतही पस्तीस दिवसांपर्यंत खुणेने जागी होणारी तलफ वाढताना दिसली. २०१६मध्ये मुहम्मद परवाझ आणि रिटा गोल्डस्टीन यांच्या गटाने कोकेन सोडलेल्या ७६ जणांच्या डोक्याला तारा लावल्या. स्वतःच्या तोंडाने सांगितलेली तलफ दिवसागणिक कमी होत गेली होती. मेंदूकडून नशेच्या चित्रांना मिळणारी विद्युत दाद मात्र दोन दिवसांपेक्षा एका महिन्याला आणि सहा महिन्यांना जास्त होती. वर्षाने ती उतरली. म्हणजे तिसऱ्या महिन्यात ‘आता मला काही वाटत नाही, मी ठीक आहे’ असे सांगणारा माणूस प्रामाणिकपणे बोलत असतो, आणि तरीही तो सगळ्यात नाजूक टप्प्यावर उभा असू शकतो.

आपल्याकडे याच टप्प्यावर घरचे काय करतात? हातात पैसे देऊ लागतात. गाडीची चावी परत देतात. फॉलोअपला जायची सुट्टी मिळत नाही म्हणून तो बंद होतो. आणि कित्येक घरांत ‘लग्न करून द्या, मार्गावर येईल’ हा रामबाण उपाय निघतो, ज्यात एका अनोळखी मुलीला कुणी विचारतही नाही. तिन्ही कळी एकाच मांडवात.

रिलॅप्सचा अर्थ केवळ ‘पुन्हा सुरू झाले’ एवढा असता तरी चालले असते. हेरॉइनच्या बाबतीत तो अनेकदा मृत्यू असतो. कॅनडाच्या शेपर्ड सीगल यांनी १९८२मध्ये उंदरांना ठरावीक जागी हेरॉइनचे वाढते डोस दिले. मग एके दिवशी सगळ्यांना मोठा डोस दिला, काहींना नेहमीच्या जागी, काहींना नव्या जागी. नेहमीच्या जागी जवळपास एक तृतीयांश मेले. नव्या जागी जवळपास दोन तृतीयांश. शरीराने कमावलेली सहनशक्तीसुद्धा जागेला बांधलेली असते. त्यातच काही महिने नशा थांबलेली असेल तर ती सहनशक्ती मुळातच उतरलेली असते, आणि माणूस मात्र जुन्याच मापाने घेतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांवर लोकांची नोंद तपासली गेली; २००७च्या त्या अभ्यासात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिडोसाने मरण्याची जोखीम सामान्य लोकांच्या १२९ पट निघाली.

हा एक आकडा तुरुंग विभागाच्या प्रत्येक कार्यालयात लावून ठेवण्यासारखा आहे. आपल्याकडे १९८५च्या एनडीपीएस कायद्याखाली थोड्याशा पुडीसाठी पकडला गेलेला व्यसनी तरुणही काही काळ आत जातो आणि एके दिवशी फाटकाबाहेर सोडला जातो. त्याच कायद्याच्या ६४-अ कलमात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण आहे, हे चांगलेच. पण उपचार पूर्ण न केल्यास ते काढून घेता येते. मेंदूतल्या वाटा पाहिल्या तर उपचार अर्धवट सुटणे हे या आजाराचे सगळ्यात अपेक्षित लक्षण आहे. लक्षण दिसले म्हणून औषध काढून घेण्याचा हा प्रकार झाला. दमा, रक्तदाब, मधुमेह यांचे रुग्णही पथ्य-औषध सोडतात आणि पुन्हा आजारी पडतात. टॉमस मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये दाखवून दिले की त्यांचे प्रमाण व्यसनाच्या रिलॅप्सइतकेच, म्हणजे साधारण चाळीस ते साठ टक्क्यांच्या आसपास भरते. साखर वाढली म्हणून डॉक्टर कुणाला दवाखान्यातून हाकलत नाही.

मेंदूतली वाट सापडली म्हणताच ती कापून टाकण्याचा मोहही होतो, आणि तो झालाही. चीनमध्ये या शतकाच्या सुरुवातीला हेरॉइनच्या रुग्णांच्या कवटीला भोक पाडून अ‍ॅक्युम्बन्सचा भाग जाळून टाकण्याच्या शस्त्रक्रिया केल्या गेल्या. तलफेबरोबर माणसाची इतर इच्छाही जाईल, याचा विचार न करता. २००४मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाला त्या थांबवाव्या लागल्या. आयोवातल्या संशोधकांनी २००७मध्ये पक्षाघाताने इन्सुला नावाच्या भागाला इजा झालेल्या धूम्रपान करणाऱ्यांचा अभ्यास केला. त्यांच्यातल्या काहींची सिगारेट एका दिवसात, काही कष्ट न पडता सुटली होती. विज्ञानाला त्याने मोठा धागा दिला. पण पक्षाघात हा उपचार नव्हे, आणि व्यसन हा केवळ मेंदूचा आजार आहे एवढेच म्हणून थांबणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

कारण याच उंदरांनी आणखी एक गोष्ट दाखवली आहे. मार्को वेनिरो आणि यावीन शाहम यांनी २०१८मध्ये हेरॉइन आणि मेथॅम्फेटामाइनची पक्की सवय लागलेल्या उंदरांसमोर दोन खटके ठेवले. एक दाबला की नशा, दुसरा दाबला की दार उघडून दुसऱ्या उंदराचा सहवास. उंदरांनी जवळजवळ नेहमी सोबत निवडली. दीर्घकाळ अशी निवड मिळालेल्या उंदरांत मागे सांगितलेली मुरत जाणारी ओढही दिसली नाही. मात्र सोबत उशिरा मिळू लागली, किंवा सोबतीसाठी झटका खावा लागला, की ते पुन्हा नशेकडे वळले. हा शेवटचा तपशील आपल्या सासुरवाड्यांनी, कार्यालयांनी आणि सोसायटीच्या समित्यांनी वाचावा. व्यसनातून उठलेल्या माणसाला सोबत मिळते, पण टोमण्यांसकट.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. ऐंशीच्या दशकात गर्दने मुंबई-पुण्याला विळखा घातला, डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली, आणि १९८६मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्यासह त्यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची मदत त्यामागे होती. तिथे बरे झालेले रुग्णच नव्या रुग्णांचे समुपदेशक झाले. बाहेर पडल्यावरचा फॉलोअप आणि घरच्या बायकांचे गट हा तिथल्या उपचाराचा कणा आहे. वेनिरो यांचा पिंजरा तयार होण्याआधी तीसेक वर्षे हे चालू होते, आणि कुणी त्याला मेंदूविज्ञान म्हणत नव्हते.

अडचण आहे ती प्रमाणाची. एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांमागे एक. अफूजन्य पदार्थांच्या रुग्णांसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे आहेत, सुईने नशा करणाऱ्यांना ती राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) केंद्रांतून मिळतात, आणि ती मृत्यू टाळतात. तरी ‘एक नशा सोडवून दुसरी लावता काय’ हा प्रश्न डॉक्टरलाच विचारला जातो. एमडी म्हणजे मेफेड्रोनचे काय? २०२४च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन पकडले, कोटींचे आकडे पहिल्या पानावर झळकले. मेफेड्रोनसाठी असे कोणतेही पर्यायी औषध नाही. तिथे उरतो तो माणसाचा संपर्क, आणि त्याचे वेतन कुणाच्या अंदाजपत्रकात नसते.

सुधारणेसाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही. तुरुंगातून सुटणाऱ्या व्यसनीची पहिल्या दोन आठवड्यांची जबाबदारी जिल्हा रुग्णालयातल्या एका नावानिशी माणसावर टाकता येते. घसरलेला रुग्ण त्याच दिवशी, ओरडा न खाता, परत येऊ शकेल अशी एक खाट प्रत्येक केंद्रात राखता येते. आणि अनुदानाचा अर्ज तपासताना खाटा किती, हे विचारण्याआधी समाजकल्याण खात्याने एक रकाना वाढवावा: गेल्या वर्षी घरी गेलेल्यांपैकी सहा महिन्यांनंतर तुमच्या संपर्कात किती आहेत, आणि जे नाहीत त्यांच्या दारी कोण जाऊन आले?